खेळणाऱ्या बाईची मजुरी

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून बैठकीत खेळाचा विषय निघाला की एकच सूर लागतो. बायकांच्या खेळाला आता चांगले दिवस आले, क्रिकेटसारखी कबड्डीची लीग व्हावी, बास्केटबॉलची व्हावी, म्हणजे गावोगावच्या मुलींचं भलं होईल. त्याच वेळी चळवळीतल्या काही जुन्या मैत्रिणी नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, लीग, लिलाव, जाहिराती हे सारे बाजाराचे चोचले. आपल्यापुढे मारहाणीच्या केसेस आहेत, रेशन आहे, जमिनीच्या नोंदी आहेत. चेंडू कसला घेऊन बसलात?

मला ही दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. खेळणारी बाई ही कामगार आहे, तिच्या अंगमेहनतीवर कुणीतरी पैसा मिळवतं, आणि त्यातला किती वाटा तिच्या हातात पडतो हा मजुरीचाच प्रश्न आहे. सोयाबीनच्या सोंगणीला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी का, असं विचारणाऱ्या आपण. मग इथे गप्प का बसायचं?

उदाहरण बास्केटबॉलचं घेते, कारण बायकांच्या व्यावसायिक लीगचा सलग आणि लांबलचक इतिहास या खेळात सापडतो. आमच्या देऊळघाटात हा खेळ म्हणजे टीव्हीवरच्या उंच माणसांचा खेळ, एवढीच ओळख. पैनगंगेच्या काठचं, हिंदू-मुसलमान मिश्र वस्तीचं हे गाव. मुली पुढच्या शिक्षणाला एसटीनं बुलडाण्याला जातात. अमेरिकेतल्या लीगशी यांचं काय नातं, असं कुणी म्हणेल. नातं आहे, सांगते.

बास्केटबॉल १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जन्मला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेनं तो स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. शिकवला, पण कापून-छाटून. मैदानाचे तीन भाग केले, मुलीनं आपला भाग सोडायचा नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकवायचा नाही. बाईच्या नाजूक शरीराला ताण सोसत नाही, अशी त्या काळच्या शहाण्यांची समजूत होती. बेरेन्सनबाईंनी हे नियम घातले नसते तर मुलींना खेळूच दिलं नसतं, हेही खरं. सुधारणा करणाऱ्या बायकांना असा सौदा पुष्कळदा करावा लागतो. पण त्याच काळात त्याच देशात गिरण्यांत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांच्या नाजूकपणाची काळजी कुणी घेत नव्हतं. आपल्याकडे तरी काय वेगळं? दिवसभर उन्हात कापूस वेचला तर मुलीच्या अंगाला काही होत नाही, संध्याकाळी तासभर धावली की पिशवी सरकते म्हणून आजी ओरडते.

अमेरिकेतल्या आयोवा या शेतकरी राज्यात मुलींचा सहा-सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला. तिघी फक्त हल्ला करायच्या, तिघी फक्त बचाव, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा पाडायचा. नियम बाईला कमी लेखणारे होते. तरीही मक्याच्या शेतांमधल्या लहान गावांनी हा खेळ डोक्यावर घेतला. १९२० च्या दशकात शिक्षणातल्या पुरुष अधिकाऱ्यांनी मुलींच्या स्पर्धा बंद करायचं ठरवलं, तेव्हा छोट्या गावांच्या शाळांनी आपली वेगळी संघटना काढली आणि स्पर्धा चालू ठेवल्या. मोठ्या शहरांतल्या शाळांनी मुलींचा खेळ सोडला होता, खेड्यांनी धरून ठेवला. खेडं म्हटलं की मागासलेलं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मुलींच्या सामन्याला सारं गाव येऊन बसायचं, आणि राज्य-स्पर्धेला राजधानीतलं भलंमोठं सभागृह भरायचं.

पुढे १९७२ मध्ये तिथे कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, असा. त्यात ‘खेळ’ हा शब्द ठळकपणे नव्हता, पण बायकांनी तो खेळाला लावून घेतला, कोर्टात भांडून लावून घेतला. मुलींना शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, मैदानाच्या वेळा मिळू लागल्या. ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल १९७६ ला मॉंट्रियलमध्ये आला. लीग त्यानंतर आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शाळा, मैदान, कायदा, मग लीग. आपल्याकडचे उत्साही लोक हे उलटं करू पाहतात.

अमेरिकेतली पहिली व्यावसायिक लीग डिसेंबर १९७८ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि तीन हंगामांत बुडाली. तिची कहाणी आपल्या ओळखीची वाटेल. एका संघाच्या मालकांनी खेळाडूंना चालणं-बोलणं, मेकअप शिकवणाऱ्या वर्गाला पाठवलं. पगाराचे चेक वटत नव्हते. मार्च १९८१ मध्ये मिनेसोटाच्या संघातल्या मुली शिकागोत सामन्यासाठी मैदानात उतरल्या आणि थकलेल्या पगारासाठी तशाच मैदान सोडून गेल्या. संप हो, दुसरं काय!

त्या लीगमधली सर्वांत नावाजलेली खेळाडू आयोवाची मॉली बोलिन. तिचा घटस्फोट झाला तेव्हा लहान मुलाचा ताबा खालच्या कोर्टानं बापाला दिला. ती खेळासाठी गावोगाव फिरते, हे तिच्याविरुद्ध गेलं. खेळाडू पुरुषाचं मूल तो फिरतो म्हणून कुणी काढून घेतलं आहे का? १९८३ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मूल आईकडे आलं. आपल्यापैकी ज्यांनी पोटगीच्या आणि ताब्याच्या केसेस चालवल्या आहेत त्यांना ‘फिरती बाई’ हे शब्द कोर्टाच्या आवारात किती वेळा ऐकू येतात ते वेगळं सांगायला नको. फिरणारी बाई मग आशा असो, कंडक्टर असो की बास्केटबॉल खेळणारी असो.

नंतर १९९६ च्या ऑक्टोबरात एक लीग सुरू झाली, तिने खेळाडूंना बरा पगार दिला, विमा दिला. डिसेंबर १९९८ मध्ये हंगाम अर्ध्यावर असतानाच तिचं दिवाळं निघालं. दरम्यान पुरुषांच्या बलाढ्य एनबीए या लीगनं आपली धाकटी पाती काढली होती, डब्ल्यूएनबीए. पहिला सामना २१ जून १९९७. संघ आठ. पुरुषांची मैदानं उन्हाळ्यात रिकामी असतात म्हणून बायकांचा हंगाम उन्हाळ्यात. मागे पुरुष-लीगचा पैसा आणि टीव्ही होता म्हणून ही टिकली. चांगला पगार देणारी मेली, श्रीमंत थोरल्या भावाच्या अंगणातली जगली. यातून कोणता निष्कर्ष काढायचा ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. बाजाराशी फटकून राहून निभत नाही असं एक मन म्हणतं. आणि भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला वाटणी मागताना काय ऐकून घ्यावं लागतं हेही आपण जाणतो.

मात्र त्या बायका भावाच्या मेहेरबानीवर बसून राहिल्या नाहीत. १९९८ मध्येच त्यांनी आपली युनियन बांधली. व्यावसायिक खेळाडू बायकांची ती पहिली युनियन. १९९९ ला पहिला सामूहिक करार. आणि मग वीस-बावीस वर्षं एकेक करार करत एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली. बाळंतपणाचंच बघा. शेरिल स्वूप्स ही लीगनं करारबद्ध केलेली पहिली खेळाडू. १९९७ च्या जूनमध्ये ती बाळंत झाली आणि सहा आठवड्यांत मैदानावर आली. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. मला ते कौतुक बोचतं, सवा महिन्याची ओली बाळंतीण रोजगार हमीच्या कामावर उभी राहते तेव्हा तिचं कुणी कौतुक करत नाही आणि करूही नये. स्कायलर डिगिन्स-स्मिथनं २०१८ चा सगळा हंगाम गरोदरपण लपवून काढला आणि वर्षभरानं ते जगाला सांगितलं. २०२० च्या जानेवारीत करार झाला त्यात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार आला, आधी तो निम्मा मिळे. मूल असलेल्या खेळाडूला दोन झोपण्याच्या खोल्यांचं घर, मूल सांभाळण्यासाठी भत्ता, हेही आलं. करार झाला म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०२३ मध्ये डिअरिका हॅम्बी या खेळाडूनं, आपण गरोदर म्हणून संघानं दुसरीकडे धाडलं, असा जाहीर आरोप केला आणि पुढे ती कोर्टात गेली.

पैशाची दरी तर डोळे फिरवणारी. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क ही पहिल्या क्रमांकानं निवडलेली खेळाडू. आयोवाचीच, त्याच मक्याच्या राज्यातली. तिच्यामुळे प्रेक्षागृहं भरली, टीव्हीचे आकडे वाढले. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. आदल्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकानं निवडलेल्या तरुणाला पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख डॉलरच्या वर मिळाले. वर्षानुवर्षं या बायका घरचा हंगाम संपला की तुर्कस्तान, रशिया, चीन इथे खेळायला जात, कारण तिथे अनेक पटींनी जास्त मिळे. ब्रिटनी ग्रायनर २०२२ च्या फेब्रुवारीत रशियात पकडली गेली आणि डिसेंबरपर्यंत अडकून पडली, तेव्हा जगाला कळलं की अमेरिकेची अव्वल खेळाडूही पोटासाठी स्थलांतर करते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या आणि तिच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. पण ‘घरी पुरत नाही म्हणून हंगामाला बाहेर’ हे सूत्र एकच.

१९ जुलै २०२५ ला इंडियानापोलिसला लीगमधल्या निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना होता. त्या दिवशी सगळ्याजणी एकसारखे काळे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. त्यावर लिहिलेलं होतं – आमचं देणं आम्हाला द्या. टीव्हीच्या नव्या करारातून लीगला वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर मिळणार होते, आणि वाटणी मागण्याची तीच वेळ होती. या खेळाडूंत काळ्या बायका बहुसंख्य आहेत, आणि त्यांनी फक्त पगाराचंच पाहिलं असंही नाही. २०१६ मध्ये पोलिसांच्या गोळीबाराविरुद्ध टी-शर्ट घातले म्हणून त्यांच्यापैकी काहींना दंड झाला, खेळाडू हटल्या नाहीत तेव्हा दंड मागे घ्यावा लागला. २०२० मध्ये अटलांटा संघाची एक मालकीणच निवडणुकीला उभी होती आणि ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ चळवळीविरुद्ध बोलत होती, तेव्हा तिच्याच संघाच्या मुली तिच्या विरोधकाचं नाव छातीवर लिहून उतरल्या. ती हरली आणि पुढे संघही विकला गेला. मालक बाई असली म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांसाठी हा प्रसंग मी शिबिरात मुद्दाम सांगते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे बास्केटबॉल फेडरेशन १९५० पासून आहे. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार झाला, लीगचं स्वप्न दाखवलं गेलं, लीग काही आली नाही. २०१५ ते २०१७ मध्ये यूबीए नावाची लीग झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते, सगळे पुरुषांचे. २०२२ मध्ये आयएनबीएल आली, पाच विरुद्ध पाचची, तीही पुरुषांची. बायकांना तिघी-तिघींच्या छोट्या खेळावर समाधान मानावं लागलं. कबड्डीतही तेच झालं. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगला जोडून बायकांचे तीन संघ उतरवले, अंतिम सामना एका गुणानं सुटला इतकी चुरस झाली, आणि दुसऱ्या वर्षी स्पर्धाच नाही. जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा बायकांचा खेळ!

मग आपल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली जगल्या कशावर? रेल्वेवर. खरं सांगायचं तर भारतातल्या बायकांची बास्केटबॉल लीग म्हणजे भारतीय रेल्वेची खेळाडू-भरती. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं वरचढ, कारण चांगली खेळाडू दिसली की तिला तिथे नोकरी मिळते. केरळची गीतू ॲना जोस, चेन्नईची अनिता पॉलदुराई, आपल्या पुण्याची शिरीन लिमये, सगळ्या रेल्वेच्या. गीतू ऑस्ट्रेलियात खेळून आली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. करार झाला नाही, पण त्या दारापर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. अनिता मूल झाल्यावर पुन्हा राष्ट्रीय संघात परतली. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. शिरीन २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटात जिंकलेल्या संघात होती आणि पुढे भारताची कर्णधारही झाली. या मुलींना लिलावानं नाही, महिन्याच्या पगारानं, भविष्यनिर्वाह निधीनं, बाळंतपणाच्या रजेनं खेळत ठेवलं. सार्वजनिक क्षेत्र मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी मुलींच्या खेळाचं काय होणार याचाही हिशेब मांडावा.

पण सरकारी नोकरी मिळाली की मुलगी सुरक्षित, असं मी म्हणणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये पाटण्याला रेल्वेत नोकरी करणारी केरळची एक तरुण बास्केटबॉलपटू भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. घरच्यांनी प्रशिक्षकावर छळाचा आरोप केला. वय तेवीस, घरापासून शेकडो कोस दूर, भाषा वेगळी. नोकरी खेळावर अवलंबून, खेळ प्रशिक्षकावर अवलंबून. अशा मुलीनं तक्रार करायची कुणाकडे? २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या तेव्हा एका इंग्रजी दैनिकानं पाहणी केली, तर ३० पैकी १६ क्रीडा महासंघांत कायद्याप्रमाणे तक्रार समिती नव्हती. कायदा २०१३ चा! आपले गट दवाखान्यात, कारखान्यात, कचेरीत समिती आहे का म्हणून जाऊन विचारतात. क्रीडा संघटनांच्या दारात आपण किती वेळा गेलो? जिल्हा क्रीडा संकुलात समितीचा बोर्ड आहे का, हे मी तरी आजवर कुठल्या अहवालात वाचलं नाही.

आणखी एक गोष्ट, आमच्या गावात ती टाळून चालणार नाही. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता की डोक्याला काही बांधून खेळायचं नाही. २०१४ मध्ये चीनमध्ये आपल्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवायला लावली. देशात गहजब झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्याच वर्षी इंचनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढा म्हटलं, त्यांनी सामनाच सोडला. त्यावर आपल्याकडे फार कुणाला काही वाटलं नाही. खेळाडू मुलींनी जगभरातून सह्या गोळा केल्या, पाठपुरावा केला, आणि २०१७ मध्ये नियम बदलला. पडद्याविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत, ते राहतील. माझी स्वतःची मतं कडक आहेत. पण डोक्यावरच्या कापडासाठी मुलीला मैदानाबाहेर काढणं म्हणजे तिला पुन्हा त्याच चार भिंतींत ढकलणं. उंबऱ्याबाहेर पडून चेंडू हातात घेतलेली मुलगी उद्या कापडाचं काय करायचं ते स्वतः ठरवील. आणि हाफ चड्डीचा प्रश्न निघाला की आमच्या दोन्ही समाजांतले बापे किती एकमतानं बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. एरवी मिरवणुकीच्या रस्त्यावरून न पटणारी माणसं इथे लगेच एक होतात.

मुंबईत नागपाड्यासारख्या गरीब, मुसलमान मोहल्ल्यानं भारताचा कर्णधार झालेला अब्बास मुंतसीर दिला, तो मोहल्ल्याच्या मैदानावर खेळूनच. नागपूरला धरमपेठेत, शिवाजीनगरला मैदानं आहेत, म्हणून तिथे मुलींचे संघ उभे राहिले. पैसा लागतोच, पण आधी जागा लागते, आणि त्या जागेवर जाण्या-येण्याची सोय. बास्केटबॉलला फार काही लागत नाही, एक सपाट तुकडा, एक खांब, एक कडं, एक चेंडू.

सोयीचं म्हणाल तर ते एसटीच्या वेळापत्रकावर येऊन थांबतं. आपल्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातल्या बस मुलींसाठी आल्या, बारावीपर्यंत पासही मोफत. यानं हजारो मुलींची शाळा वाचली, याबद्दल दुमत नाही. पण या बस शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. खेळाचा सराव शाळा सुटल्यावर. जी मुलगी सरावाला थांबेल तिची बस गेली, आणि अंधारात वडापला लटकून ये असं कुठली आई म्हणेल? मुलगे मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून परततात. म्हणून मुलींचा खेळ सातवी-आठवीत संपतो. मग शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, त्या मिळवायला आपल्या गावची मुलगी कुठून येणार? त्या जागा शहरातल्यांना जातात.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून किती गावांत किती शिलाई मशीन वाटली गेली याची मोजदाद करायला घेतली तर वही पुरणार नाही. मशीनला माझा विरोध नाही. पण मुलीसाठी म्हटलं की सुई-दोराच का सुचतो? त्याच पैशातून खांब-कडं, मैदानाशेजारी दार लागणारं स्वच्छतागृह, आणि आठवड्यातून तीन दिवस एका बाई प्रशिक्षकाचं मानधन का निघू नये? महिला ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर लेखी टाकायचा, तोंडी नाही. तोंडी टाकलेला विषय इतिवृत्तात येत नाही हा आपल्या सगळ्यांचा अनुभव.

आमच्या गटानं येत्या तीन महिन्यांसाठी एवढंच काम घेतलं आहे. आसपासच्या दहा गावांत फिरून नोंदी करायच्या. मुलींच्या शाळेला मैदान आहे का, ते मुलींना कधी वापरायला मिळतं, खेळ शिकवणारं कोण आहे, सराव संपल्यावर पहिली बस किती वाजता सुटते. या नोंदी घेऊन आधी ग्रामसभेत आणि मग एसटीच्या आगारात जायचं, संध्याकाळी एक फेरी उशिरा सोडा म्हणून. इतर तालुक्यांतल्या ज्या गटांना हे करावंसं वाटेल त्यांनी आपल्या नोंदी पुढच्या अंकाआधी मासिकाच्या पत्त्यावर धाडाव्यात. बसची वेळ मात्र फलकावरची लिहू नका, प्रत्यक्ष सुटते ती लिहा.